पदवी आहे, पद कुठे आहे?

सायबर सुरक्षेतील ऑनर्स पदवी हे आता देशभरातील विद्यापीठांच्या प्रवेशपुस्तिकांचे एक आकर्षण झाले आहे. पालकांना त्यात नोकरी दिसते, उद्योगांना मनुष्यबळ दिसते. शासनाला त्यात काय दिसते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. माझ्या मते तोच मुख्य प्रश्न आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ची संगणक यंत्रणा रॅन्समवेअर हल्ल्याने कोलमडली. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि जवळपास दोन आठवडे रुग्णनोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. सरकारने पुढे राज्यसभेत दिलेले कारण मननीय आहे : नेटवर्कची विभागणी योग्य रीतीने झालेली नव्हती. एका दालनातली आग दुसऱ्या दालनात शिरू नये म्हणून मध्ये जी भिंत हवी, तीच नव्हती. ही भिंत बांधण्यास असामान्य प्रतिभा लागत नाही. ते आपले काम आहे असे मानणारा आणि तसे लेखी बजावण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो.

अशी माणसे घडवण्याच्या दोन वाटा आज उपलब्ध आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बी.टेक.च्या विद्यार्थ्यांना १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून सायबर सुरक्षेसारख्या विषयात ऑनर्स वा मायनर पदवी घेण्याची मुभा दिली आहे. ही वाट अभियंत्यांपुरती. दुसरी वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्याची : चार वर्षांत १६० श्रेयांकांची ऑनर्स पदवी. तिच्यातील बहुशाखीय रचनेमुळे विधी, मानसशास्त्र वा लोकप्रशासनाचा विद्यार्थीही या विषयाकडे वळू शकतो. त्याची गरज किती आहे, हे ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीने दाखवून दिले. तीत तंत्रज्ञान जुजबी असते; पोलिसी गणवेश आणि व्हिडिओ कॉल एवढ्यावर सुशिक्षित माणूस आयुष्यभराची पुंजी गमावतो.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाने २०१३ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेचा ऑनर्स कार्यक्रम सुरू केला, तेव्हा तो संगणकशास्त्रापुरता ठेवला नाही. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी त्यात येऊ शकतो. विद्यार्थी एका वसतिगृहात राहून गटाने प्रत्यक्ष समस्या सोडवतात. त्याला अर्थसाहाय्य केले ते नॉर्थ्रॉप ग्रुमन या संरक्षण कंपनीने. शिवाय राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे मुख्यालय त्याच राज्यात आहे. थोडक्यात, विद्यार्थी वर्गात बसले तेव्हा त्यांचे काम जवळच वाट पाहत होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. १८४७ मध्ये रुडकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ते गंगेचा कालवा खणला जात होता म्हणून. आधी कालवा, मग महाविद्यालय, असा तो क्रम होता. सायबर सुरक्षेत आपण तो उलटा केला. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित व्यावसायिक घडवण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण ते जिल्हा रुग्णालयात, नगरपालिकेत वा वीज वितरण कंपनीत कोणत्या पदावर बसतील, हे ठरवले नाही. माझ्या सेवाकाळात संगणकाचे काम बहुधा कंत्राटदाराकडे असे आणि सुरक्षेची जबाबदारी ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून कोणाच्या तरी माथी असे. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ‘सर्ट-इन’ला सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. परंतु ती घटना ओळखणारा माणूसच कार्यालयात नसेल, तर हे सहा तास मोजायचे कोणत्या क्षणापासून?

खासगी क्षेत्राच्या वेतनाशी सरकार स्पर्धा करू शकत नाही, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेलाही तो भेडसावला. तेथे या शतकाच्या आरंभापासून सायबर सुरक्षेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन तितकाच काळ सरकारी सेवा करण्याचे बंधन घातले जाते. बंधपत्रित वैद्यकीय सेवेची प्रथा असलेल्या आपल्या देशाला ही कल्पना परकी नाही. केंद्राने राज्यांच्या भागीदारीने अशी योजना आखावी आणि त्याआधी पदे मंजूर करावीत.

दुसरी अडचण कायद्याची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार अप्रामाणिक हेतूने केलेल्या अनधिकृत प्रवेशास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हेतू ठरतो तो चौकशीनंतर. तोवर सरकारी संकेतस्थळातील उणीव दाखवणारा विद्यार्थी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहील. म्हणून विद्यापीठ आणि शासकीय कार्यालय यांच्यात लेखी करार हवा : कोणती यंत्रणा तपासायची, किती खोलवर आणि अहवाल कोणाला द्यायचा. अशा करारामुळे विद्यार्थ्याला संरक्षण मिळेल आणि कार्यालयाला आपल्या उणिवा हल्लेखोराच्या आधी कळतील.

ऑनर्स कार्यक्रमांना मान्यता देताना प्रयोगशाळा आणि प्राध्यापकसंख्या पाहिली जाते. तेथे आणखी एक रकाना असावा : गेल्या पाच वर्षांतील पदवीधरांपैकी किती जण सार्वजनिक संस्थांत रुजू झाले? तो कोरा राहिला, तर दोष विद्यापीठाला देण्यापूर्वी शासनाने आपला आकृतिबंध उघडून पाहावा.