दोन बोलींचा संसार

गावात आंतरजातीय लग्न झाले की आठ दिवस चर्चा चालते ती दोघे पळून कसे गेले याची. पाचव्या वर्षी त्यांचे कसे चालले आहे, हे कोणी विचारीत नाही. दवाखान्यात मात्र आम्हाला तेच वर्ष दिसते.

आपल्या धानोरा तालुक्यात कुठे मराठी, कुठे गोंडी, तर मुरुमगावकडे छत्तीसगढीही कानावर पडते. मराठी घरात गोंड सून आली की आजार सांगतो तो नवरा. "कमजोरी आहे, डॉक्टर." अंगावरून पांढरे जाते हे तो सांगत नाही, तिने त्यालाही सांगितलेले नसते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील पाहणी १९८९ साली प्रसिद्ध केली. त्यात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सासर-माहेरची बोली एक असूनही बायका गप्प राहतात. मग बोलीच वेगळी असली तर काय?

खरी परीक्षा मूल आजारी पडल्यावर होते. हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, रक्त कमी भरते, आणि तपासणीत सिकलसेल निघतो. लगेच घरात सुरू होते, "हा तुझ्या जातीचा रोग." वाचकहो, हे साफ खोटे आहे. सिकलसेल आदिवासींत आहे तसा इतर समाजांतही आहे. हा आजार मुलाला होतो तेव्हा सदोष अंश आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. जात वेगळी म्हणून तपासणीची गरज नाही, हा समजही चुकीचा. लग्नापूर्वीच दोघांनी रक्त तपासावे. राहिले असेल तर मूल होण्यापूर्वी तरी. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे सासूबाईंनाही सांगावे.

याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात सर्वांची संमती झाल्याशिवाय ग्रामसभा निर्णय घेत नाही. वेळ लागतो, पण रुसून कोणी उठत नाही. मुलाने घरी कोणती बोली बोलायची, बाळंतपण कुठे करायचे, सणाला कुणाच्या देवाला जायचे, हे घरातही असेच ठरावे. आमच्याकडे मात्र नवरा ठरवतो आणि बायको गप्प बसते. त्यालाच लोक सुखी संसार म्हणतात!

नवऱ्याने दुखणे, ताप, पाळी, भूक यांचे गोंडी शब्द तरी शिकावेत. तपासणीला दोघांनी एकाच दिवशी यावे. आल्यावर बाईला बोलू द्यावे. आमच्या नर्सबाईंना गोंडी येते. नवरा बाहेर बाकावर बसला तरी चालेल.