परिचारिकांचा तुटवडा की पदांची चोरी?

सरकारी दवाखान्यात कोणतेही गाऱ्हाणे घेऊन जा, उत्तर ठरलेले आहे. ‘नर्सेस मिळत नाहीत हो, आम्ही तरी काय करणार?’ मागे एकदा आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात नात्यातल्या बाळंतिणीला रात्री घेऊन गेलो होतो. साऱ्या वॉर्डाला एकच सिस्टर. सलाईन तिनेच लावायचे, बाळंतपण तिनेच करायचे, रजिस्टरही तिनेच लिहायचे. शेवटी तीच म्हणाली, ‘दादा, घाटीला न्या. इथं काही झालं तर मी एकटी पुरणार नाही.’ पिशोर पट्ट्यातून रात्री छत्रपती संभाजीनगरची घाटी गाठणे म्हणजे काय, हे ज्याने पोटुशी बाई जीपमध्ये घालून नेली त्यालाच ठाऊक. बाई सुखरूप सुटली. त्या सिस्टरवर राग धरावा असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही.

राग आहे तो ‘मिळत नाहीत’ या शब्दांवर. हे धादांत खोटे आहे. जो देश आखातात आणि ब्रिटनमध्ये नर्सेस पाठवतो, त्या देशात कन्नड तालुक्यासाठी नर्स मिळत नाही? आमच्या बौद्ध वस्त्यांत, मातंग वस्त्यांत, तांड्यांवर एएनएम, जीएनएम झालेल्या मुली आहेत. आईबापांनी ऊस तोडून, मक्याच्या रानात मजुरी करून, शिष्यवृत्तीची वाट पाहत त्यांना शिकवले. आज त्या शहरातल्या खाजगी दवाखान्यांत मिळेल त्या पगारावर रात्रपाळ्या काढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातही नर्सला दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ते किती जणींना मिळतात, हे वाचकांनी आपल्या घरातल्या लेकीलाच विचारावे.

म्हणजे माणसे आहेत, काम आहे, रुग्ण तर आहेतच. नाही ती नेमणूक. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. आपल्या दवाखान्यात रात्री जाऊन खाटा मोजाव्यात आणि सिस्टर मोजाव्यात. हिशेबाला वकील लागत नाही.

आणि या न केलेल्या नेमणुकांचे खापर फुटते कोणाच्या डोक्यावर? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके गेली. त्यानंतर झालेल्या कारवाईत कंत्राटी परिचारिकांना घरी बसवण्यात आले. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा अर्भके. तिथे एका खासदाराने काय केले? आदिवासी समाजातल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले! खासदारावर अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला हे ठीकच. परंतु वर्षानुवर्षे जागा रिकाम्या ठेवणाऱ्या मंत्रालयातल्या एकाही साहेबाच्या हाती कोणी झाडू दिला नाही.

आता यातली खरी मेख पाहा. रिकामे पद म्हणजे नुसती रुग्णाची अडचण नव्हे. त्या पदासोबत आपले आरक्षणही रिकामे राहते. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा, जो २००४ पासून अमलात आहे, अनुसूचित जातींना १३ आणि जमातींना ७ टक्के पदे देतो. पंचेचाळीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका या कायद्याने वगळल्या आहेत. याचा सरळ अर्थ असा की शासनाने स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर नर्स नेमली तरी आरक्षण द्यावेच लागते. कायदा हेतुपुरस्सर मोडणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ८ प्रमाणे नव्वद दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. मग पळवाट कोणती? एजन्सी! नर्स ठेकेदाराची झाली की ती शासनाची नोकरच राहत नाही. बिंदुनामावली नाही, अनुशेष नाही, जाब विचारायला कोणी नाही. ६ सप्टेंबर २०२३ चा नऊ कंपन्यांमार्फत भरतीचा शासन निर्णय याच वाटेचा होता. लोक रस्त्यावर आले म्हणून तो त्याच ऑक्टोबरात रद्द झाला. पण तो एक कागद रद्द झाला, बुद्धी तीच आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिकांना कंत्राटी भरतीविरुद्ध पुन्हा संपावर जावे लागले, तसा तो मे २०२२ मध्येही झाला होता.

आणि या दोन्ही वेळी आपली चळवळ कुठे होती? माझ्यासकट सगळ्यांना विचारतो. जयंतीच्या कमानीसाठी तालुकाभर फिरणारे आम्ही, आपल्याच लेकीबाळी संपावर बसल्या तेव्हा त्यांच्या मंडपात किती जण गेलो? सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या, हे आपण भाषणात सांगतो. त्याच दाखल्यावर सरकार नर्सला ‘सेवा’ शिकवते आणि पगार कापते, हे मात्र सांगत नाही. बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२८ साली कामगार स्त्रीच्या प्रसूती रजेचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा म्हणून बाजू मांडली. तिच्या त्यागाचे नुसते गोडवे गायले नाहीत.

तेव्हा पिशोर पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, दीडशे शब्दांच्या आत दोन अर्ज करावेत. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, तेव्हा एक तिथे. ग्रामीण रुग्णालयांच्या परिचारिका आरोग्य उपसंचालकांकडे, तेव्हा दुसरा तिथे. परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणते पद कधीपासून रिक्त आहे, एजन्सीमार्फत किती जणी आहेत, आणि बिंदुनामावलीची प्रत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील. आलेले कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचून ठराव घ्यावा आणि मग घेऊन माझ्याकडे यावे. कलम ८ ची तक्रार आणि गरज पडली तर खंडपीठातली याचिका मी फी न घेता लिहून देईन. येताना जीएनएम होऊन घरी बसलेल्या मुलींनाही सोबत आणा. अर्जदार म्हणून सही त्यांचीच हवी.