सोन्याच्या नाण्याला मार्क हवेत कशाला?

आजीच्या डब्यात जुनी गिन्नी सापडली की हल्ली आधी मोबाइल काढून तिची किंमत सर्च केली जाते. स्क्रीनवर येतात परदेशी लिलावांचे फोटो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत सील केलेलं सोन्याचं नाणं आणि वर आकडा, एमएस 65. आपणही आपलं नाणं असंच 'ग्रेड' करून घ्यावं का? माझं मत विचाराल तर, बहुतेकांनी या फंदात पडू नये.

ही ग्रेड म्हणजे 70 मार्कांची परीक्षा. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने 1949 मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 ही मोजपट्टी मांडली. 60 किंवा जास्त मार्क म्हणजे नाणं चलनात फिरलेलंच नाही. पुढे 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या अमेरिकन कंपन्या सुरू झाल्या. फी घेऊन त्या नाणं अस्सल आहे का ते तपासतात, झीज, ओरखडे आणि चमक बघून मार्क देतात.

इथे एक गोंधळ होतो. हॉलमार्क म्हणजे ग्रेडिंग नव्हे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, ग्रेड नाण्याची अवस्था सांगते. सराफाकडून घेतलेल्या नव्या नाण्याला शुद्धता आणि वजन एवढंच पुरे. त्याला मार्क मिळवून देणं म्हणजे फी पाण्यात.

गिन्नीचंही बरंचसं तेच. ती 22 कॅरेटची, वजन 7.98 ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं साधारण 7.32 ग्रॅम. नेहमीच्या सालाची, वापरून झिजलेली गिन्नी साधारण सोन्याच्या भावाच्या आसपासच विकली जाते. माळेत ओवण्यासाठी तिला कडी जोडली असेल, तर चांगल्या ग्रेडचा विषयच संपला.

मग ग्रेडिंग निव्वळ फॅड आहे का? तसंही नाही. नकली गिन्न्यांमध्येही अनेकदा खरं सोनं असतं, त्यामुळे नुसत्या कसावर त्या पकडता येत नाहीत. नाणं खरोखर दुर्मिळ असेल आणि ते न बघता विकत घेणारा गिऱ्हाईक लांब बसला असेल, तर तिसऱ्याच्या शिक्क्याला किंमत आहे. पण ती अस्सलपणाच्या खात्रीची. 64 की 65, हे शेवटी तपासणाऱ्याचं मत. डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवणारे आणि एखादा मार्क वाढवून घेणारे लोक आहेत. रिव्हॅल्युएशनचा हा खेळ आपल्याला वेगळा सांगायला नको!

आणि आपल्याकडे मुख्य अडचण कायद्याची आहे. 1918 मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही गिन्न्या पाडल्या गेल्या. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, बारीक इंग्रजी 'आय' असेल तर ती इथली, आय म्हणजे इंडिया. संग्राहकांना अशा गिन्नीत रस असतो. पण तिला 100 वर्षं होऊन गेली. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. 'अमेरिकेतून ग्रेड करून आणतो' म्हणणाऱ्या एजंटच्या हातात घरचं नाणं देण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

त्यापेक्षा साल आणि टांकसाळीची खूण बघा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अचूक वजन करा. एकाच दुकानदारावर न विसंबता दोन-तीन जाणकारांना दाखवा. आणि कृपा करून दिवाळीच्या साफसफाईत नाणं रिठ्याने किंवा ब्रशने घासू नका. त्या चकचकीतपणात जे जातं, ते कुठलीही कंपनी परत देत नाही.

आकड्यांची हौस आपल्याला दहावीपासूनच लावलेली आहे. निदान आजीच्या गिन्नीला तरी त्यातून सूट द्या.