आधी कोरडी म्हणा



आपली पोरं वहीतली कविता वाद्यांवर म्हणायला लागलीत. काही शहाणे नाक मुरडतात, कवितेला ढोलकी कशाला? त्यांना सांगा, आमच्या आज्याच्या बापाला अक्षर ठाऊक नव्हतं. बाबासाहेबांचा विचार त्याच्यापर्यंत जलशानं नेला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता. पुढं आपली कविता मुक्तछंदात गेली, पुस्तकात गेली, कॉलेजात गेली. वस्तीत गाणं तेवढं राहिलं. ही फाळणी मोडायलाच पायजे.

पण कशी? मागं एका कार्यक्रमात मी कविता म्हटली. पाठीमागं बेंजो, ढोलकी, छातीत धडधडणारे स्पीकर. पब्लिक नाचलं, शिट्ट्या पडल्या. खाली उतरून एका पोराला विचारलं, कविता कशावर होती रे? म्हणाला, "ठेका लई भारी होता!" कविता गटारात गुदमरून मेलेल्या माणसावर होती. तो माणूस मी दुसऱ्यांदा बुडवला.

१९७२ साली आपण ज्यांच्याकडनं पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या भावांकडं बघा. १९ मे १९६८, माल्कम एक्सचा जन्मदिवस. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका बागेत 'लास्ट पोएट्स' उभे राहिले. तोंडात शब्द, साथीला हातानं वाजवायचे ढोल. बस्स. लंडनमध्ये ब्लॅक पँथरच्या चळवळीत घडलेला लिंटन क्वेसी जॉन्सन १९७८ साली रेगेच्या साथीनं कवितेची रेकॉर्ड घेऊन आला. तोच गडी तीच कविता वाद्याशिवाय म्हणतो, तरी ठेका ऐकू येतो. कारण ठेका त्याच्या बोलीत आहे, जमैकन माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. आपल्या बोलीत नाही काय? आईची शिवी ऐका, भाजीवालीची हाळी ऐका.

हलगीचंही बोलू. गावानं ती आपल्या माणसांच्या गळ्यात अडकवली, स्वतःच्या वरातीपुढं चालायला. म्हणून तिला लाजून टाकायची? नाही. वाजवायची, पण आता आपल्या शब्दासाठी. आणि जिथं मेलेल्याचं नाव येईल तिथं हलगीसकट सगळं बंद. नाव स्वच्छ ऐकू गेलं पायजे.

गोदीत आम्ही पोतं उचलताना आरोळी देतो. आरोळीनं वजन घटत नाही, चौघांचे हात एकदम उठतात. वाद्याचं काम तेवढंच. ओझं शब्दानंच उचलायचं.

पुढच्या वाचनाला प्रत्येकानं एक कविता आणा. आधी कोरडी म्हणायची. ती टिकली, तर हलगी तापवू.

जयभीम.