विश्लेषण : नुसता ठेवलेला लॅपटॉप आपोआप बंद का पडतो? बॅटरी बदलण्याआधी काय तपासावे?

शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज अर्धा भरून थोडा वेळ उठावे आणि परत येऊन पाहावे तर लॅपटॉप बंद. कागदपत्रांची कामे ऑनलाइन झाल्यापासून ही अडचण महाग पडते. इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारख्या गावातून दुरुस्तीसाठी भिगवण, इंदापूर किंवा बारामती गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. त्यातून ‘बॅटरी गेली’, ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकून हजारोंचा खर्च करण्याआधी घरीच करता येण्याजोग्या तपासण्या कोणत्या, याविषयी...

‘बंद’ म्हणजे नेमके काय?

यात तीन वेगळे प्रकार आहेत. कळ दाबताच पडदा लगेच उजळला, तर लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये होता. पॉवरचे बटण दाबल्यावर थोडा वेळ लागला, पण उघड्या खिडक्या जशाच्या तशा आल्या, तर तो ‘हायबरनेट’ झाला होता. या दोन्हींत बिघाड नाही, ही वीजबचतीची सोय आहे. सगळे नव्याने सुरू झाले आणि जतन न केलेले काम गेले, तरच तो खरोखर बंद पडला किंवा रीस्टार्ट झाला.

वीज गेल्याचा संबंध काय?

स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्ये राहते आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. बॅटरी थकलेली असेल आणि मधेच वीज गेली, तर ते काम पुसले जाते. लॅपटॉप नुसता ठेवला असताना बंद पडल्यासारखे दिसते, पण कारण असते थकलेली बॅटरी आणि खंडित वीज. हायबरनेटमध्ये काम डिस्कवर लिहिले जाते, त्यामुळे वीज गेली तरी ते टिकते. वीज वारंवार जाते तिथे म्हणूनच हायबरनेट अधिक सुरक्षित.

शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज उतरते, त्यामुळे असे होते का? बहुतेक अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. तुमच्या अ‍ॅडॉप्टरवरचा छापील आकडा पाहावा. व्होल्टेज थोडे उतरल्याने लॅपटॉप सहसा बंद पडत नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने?

पहिली, सेटिंग. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि तिथे ‘पॉवर’चा भाग उघडा. चार्जर लावलेला असताना स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करून पाहा. अडचण थांबली, तर खर्च शून्य.

दुसरी, नोंदवही. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टिम’ उघडून बंद पडल्याच्या वेळेजवळची नोंद शोधा. क्रमांक ४२ म्हणजे लॅपटॉप स्लीपमध्ये गेला. १०७४ म्हणजे वापरकर्त्याने किंवा अपडेटसारख्या प्रोग्रामने रीतसर बंद अथवा रीस्टार्ट केला. ४१ म्हणजे रीतसर बंद न होताच थांबला. मात्र ४१ कारण सांगत नाही, वीज गेली तरी हीच नोंद येते.

तिसरी, बॅटरी. चार्जर काढून टक्केवारी पाहा. ती ३०-४० वरून एकदम खाली येऊन लॅपटॉप बंद झाला, तर संशय बॅटरीवर. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर वापर आणि चार्जिंग तात्काळ थांबवा.

चौथी, बायोस. सुरू होतानाच बायोसच्या पडद्यावर जाऊन, चार्जर लावून अर्धा तास तसाच ठेवा. तिथे विंडोजची सेटिंग लागू नसते. तिथेही बंद पडला, तर दोष हार्डवेअरचा असण्याची शक्यता मोठी. तिथे टिकला, तर आधी सेटिंग, ड्रायव्हर आणि बायोसचे अपडेट पाहावे.

‘विंडोज १०’मुळे असे होते का?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो, पण लॅपटॉप बंद पडत नाही. या एका कारणासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा सल्ला मिळाला, तर तो तपासून घ्यावा.

दुकानात काय सांगावे?

‘आपोआप बंद होतो’ एवढे पुरेसे नाही. चार्जरवर की बॅटरीवर, काम चालू असताना की नुसता ठेवल्यावर, किती वेळाने आणि बायोसमध्ये काय झाले, हे लिहून न्या. काम करताना तापून बंद पडत असेल, तर पंखा व धूळ आधी पाहावी लागते. नुसता ठेवल्यावरच बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय मागे पडतो. दुरुस्तीला देण्याआधी कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. कारण सापडेपर्यंत अर्जाचे प्रत्येक पान भरले की लगेच ‘सेव्ह’ करावे.