भट्टी हलेल, शिसे राहील

लालबागहून एका वाचकाचे पत्र आले आहे. इस्पितळांचा कचरा जाळणारी गोवंडीची भट्टी दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवा, असे उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितले; आता तरी हा विषय सोडा, असे ते म्हणतात.

नाही सोडणार. भट्टी कुठेही गेली तरी केईएम, टाटा, वाडियाच्या वॉर्डांतला कचरा तिच्यामागे जाणारच. त्यातले शिसे, कॅडमियम हजार अंशांवरही नष्ट होत नाही. धूर जितका गाळावा, तितकी गाळणीत अडकलेली राख जास्त विषारी होते. त्यात पीव्हीसी जळले की क्लोरीनमुळे शिशाचे क्लोराइड बनते, ते उडत्या राखेवर बसते आणि पुढे पाण्यात उतरते. क्लोरीनयुक्त पिशव्यांविरुद्ध मी इतक्यांदा लिहितो ते यासाठीच.

फिलाडेल्फिया शहराने १९८६ मध्ये कचराभट्ट्यांची सुमारे १४ हजार टन राख ‘खियान सी’ जहाजावर चढवली. एकामागून एक देशांनी ती नाकारली. १९८८ च्या आरंभी हैतीत गोनाइव्हच्या किनाऱ्यावर सुमारे ४ हजार टन राख खत म्हणून उतरवली गेली, उरलेली समुद्रात ओतली. किनाऱ्यावरची राख शेवटी २००२ मध्ये पुरली गेली ती पेनसिल्व्हेनियात, म्हणजे फिलाडेल्फियाच्याच राज्यात! आपला कचरा आधी शिवडीत जळायचा, मग गोवंडीत, आता खालापूर. आपल्याला जहाज लागले नाही, एवढाच फरक.

नियम आहेत. राख सौम्य आम्लात १८ तास घुसळतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक शिसे उतरले तर ती घातक. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे पाचशेपट शिसे सोडणारी राखही या कसोटीला उतरते. आणि आपला पाऊस १८ तासांचा नसतो, चार महिन्यांचा असतो.

चिमणीचे आकडे प्रदूषण मंडळाकडे ऑनलाइन जातात. राखेचा अहवाल तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे? प्रत्येक खेपेचा अहवाल भट्टीच्या फाटकावर लागला पाहिजे, गोवंडीत असो वा खालापुरात. परळ-दादरच्या डॉक्टरांनो, ही मागणी पहिल्यांदा तुम्ही करा. कचरा तुमच्या दवाखान्यांतून निघतो.