नाव बदला, पण एंटर जरा दमानं!

आमच्या गावाच्या नावात एक जागा आहे. म्हणजे मोकळी जागा, स्पेस! कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. एसटीच्या पाटीवर ती जागा कुणाला खुपत नाही. पण कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, हेच नाव टाइप करून बघा. साहेब लगेच अडतात. त्यांच्या लेखी 'कुंभार' ही एक फाइल आणि 'पिंपळगाव' ही दुसरी. सगळं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घातलं की मगच गाव एक होतं. डॉसच्या जमान्यात तर आठच अक्षरं मिळायची, त्यामुळे इंग्रजीत आमचं गाव 'कुंभार' अधिक एक 'पी' एवढ्यावरच आटपायचं. लांब नावांची चैन विंडोज ९५ पासूनची.

आता तुम्ही म्हणाल, माउस असताना हा काळा खिडकी-कारभार कशाला? चार फाइली असतील तर नकोच. एफ-टू दाबा, नाव बदला, चहा प्या. पण काकांनी घरातले जुने कागद स्कॅन करून घेतले तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये आल्या २१४ फाइली. फेरफार, खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि सगळ्यांची नावं स्कॅन ०००१, ०००२... जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१ ला झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर जिल्हाही वेगळा. शोधणार कसं? काकांचा पहिला प्रश्न मात्र एकदम पॉइंटाचा होता. ''नाव बदललं तर आतला कागद बदलत नाही ना गं?'' नाही बदलत. आतलं अक्षर हलत नाही, फाइलवरची 'मॉडिफाइड' तारीखही तीच राहते.

विंडोजमधली कमांड अगदी छोटी: 'रेन', मग जुनं नाव, मग नवं नाव. फोल्डरलाही तीच चालते. आणि नावात फुली, म्हणजे स्टार, टाकला की एका दमात सगळ्या फाइली. सगळ्या 'जेपीईजी' फाइलींच्या 'जेपीजी' करायच्या असतील तर एक ओळ, बस्स!

गंमत पुढे आहे. 'स्कॅन-स्टार'चं 'फेरफार-स्टार' करा असं सांगितलं, तर आपल्याला वाटतं 'स्कॅन' जाऊन तिथे 'फेरफार' येईल आणि आकडे तसेच राहतील. छे! रेन अक्षरावर अक्षर ठेवत जातो. इंग्रजीत स्कॅनची अक्षरं चार, फेरफारची सहा. म्हणजे पुढचे दोन आकडेही गिळले गेले. ०००१ चं झालं फेरफार ०१, आणि ०१०१ चंही व्हायला निघालं फेरफार ०१. नशीब, विंडोज एका नावाच्या दोन फाइली होऊ देत नाही. एरर देतो आणि दुसरीला हात लावत नाही. २१४ पैकी शंभरांना नवी नावं, ११४ जिथल्या तिथे. बसा निस्तरत! कारण इथे कंट्रोल-झेड नाही.

लिनक्स आणि मॅकवाल्यांनी तर जास्तच जपायचं. तिथली 'एमव्ही' कमांड त्या नावाची फाइल आधीच असेल तर न विचारता तिच्यावर नवी बसवते. जुनी गेली, कचरापेटीतही सापडत नाही. खरेदीखताचा तो एकच स्कॅन असेल तर? म्हणून 'एमव्ही'नंतर डॅश आणि आय लावा, मग ती आधी विचारते.

माझं मत विचाराल तर विंडोजवर रेन सोडा आणि पॉवरशेलची 'रिनेम-आयटम' वापरा. त्यात 'स्कॅन'च्या जागी 'फेरफार' असं नीट सांगता येतं, आकडे शाबूत राहतात. आणि शेवटी 'व्हॉट-इफ' जोडलं की ती काहीच बदलत नाही, फक्त काय बदललं असतं ते दाखवते. रंगीत तालीमच! यादी वाचा, पटली तर 'व्हॉट-इफ' काढून पुन्हा एंटर. शिवाय स्टार लावताना गाव ओळखा. 'पिंपळगाव-स्टार' कुणाकुणाला पकडेल? भोकरदनचं पिंपळगाव रेणुकाई आहे, नाशिककडचं पिंपळगाव बसवंत आहे. आमचं मात्र निसटेल, कारण त्याची सुरुवात कुंभारपासून!

फोल्डरचं वेगळंच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आणि कुणी उत्साहानं ऑफिसातल्या फोल्डरचंही नाव बदललं, तर त्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या एक्सेल शीटच्या लिंक जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतात. आधी लिंक तपासा, मग बारसं.

आमच्या २१४ फाइलींना मी सालाप्रमाणे नावं द्यायची म्हणत होते. साल पुढे असलं की यादी आपोआप क्रमानं लागते. काकांना ते मंजूर नाही. त्यांना गट नंबर पुढे हवाय. बांधावरचं भांडण गट नंबरावर चालतं म्हणे, सालावर नाही!